चौदा नंबरच्या खोलीतला कचरा

अनंतराव सबनीस पालिकेच्या शाळेत घरून कचरा घेऊन गेले, ही गोष्ट खरी आहे. ती कुणी नाकारत नाही. खुद्द अनंतरावांनी पुढे सही करून ती कबूल केली. पण दहिसरमध्ये हल्ली जो उठतो तो एवढंच सांगतो, हसतो आणि पुढे जातो, हे काही बरं नाही. सहासष्ट वर्षांचा माणूस पिशवीत कचरा भरून शाळेत जातो तेव्हा त्यामागे काही विचार असतो. अनंतरावांच्या कचऱ्यामागे तर एकतीस वर्षांचा विचार होता.

एकतीस वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना नागोयाजवळच्या एका कारखान्यात अकरा आठवडे पाठवलं होतं. अकरा आठवडे म्हणजे काही फार नव्हे. आपल्याकडे गावचे पाहुणे दवाखान्याच्या कामाला येऊन त्याहून जास्त राहतात. पण तेव्हापासून अनंतरावांचं कुठलंही वाक्य 'जपानमध्ये' या शब्दाने सुरू व्हायचं. आमटी पातळ झाली तरी जपानमध्ये, लिफ्ट बंद पडली तरी जपानमध्ये. त्यांच्या पत्नी क्षमाताई तेवढ्या वेळात भाजी निवडून घेत.

निवृत्तीनंतर त्यांनी जपानी भाषेची परीक्षा दिली आणि पाच पायऱ्यांपैकी खालून दुसरी पायरी चढले. आता हे ज्ञान घरात ठेवून कुजवायचं का? म्हणून त्यांनी 'दहिसर जपानी भाषा स्वयंसेवक मंडळ' काढलं. पालिकेच्या शाळेतल्या मुलांना फुकट जपानी शिकवायचं. मंडळात सुरुवातीला चार जण होते. एक मुलीकडे कॅनडाला गेले, दुसऱ्यांचं शिक्क्याच्या शाईच्या रंगावरून बिनसलं. उरले अनंतराव आणि खालच्या मजल्यावरचे भाऊ कर्णिक. भाऊंना जपानीचा एक शब्द येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता. पण सोसायटीच्या ग्रुपचे ते ॲडमिन होते, तेव्हा प्रसिद्धीची बाजू त्यांच्याकडे आपोआपच आली.

परवानगी मिळायला चार महिने लागले. अर्जात विषयासाठी चार चौकोन होते: संगीत, क्रीडा, योग आणि हस्तकला. भाषेचा चौकोनच नव्हता. "हस्तकला टाका काका," खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, "हातानेच लिहिणार ना मुलं?" अनंतरावांनी जड हाताने हस्तकलेवर खूण केली. त्याचा परिणाम असा, की दोन महिन्यांनी 'कागदी वस्तूंचे नमुने सादर करावेत' असं पत्र आलं, आणि जपानी संस्कृतीचे ते उपासक सलग दोन संध्याकाळी घड्या घालून कागदाचे बगळे करत बसले. त्यांच्या बगळ्यांना मान येईना. क्षमाताईंनी घातलेले तेवढे मंजूर झाले.

पण वर्ग सुरू झाला आणि झकास चालला, हेही सांगितलं पाहिजे. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळची शाळा सुटून दुपारची भरायच्या मधल्या वेळात, तिसऱ्या मजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत सहावी-सातवीची बावीस मुलं यायची. दाराबाहेर चपला ओळीत काढायची. अनंतरावांनी त्यांना पहिल्याच दिवशी वाकायला शिकवलं. ओळखीच्या माणसाला पंधरा अंश, मोठ्या माणसाला तीस, आणि मोठी चूक झाली असेल तर पंचेचाळीस अंश वाकून मनात तीन आकडे मोजायचे. मुलं कंपासपेटीतलं कोनमापक लावून एकमेकांचे अंश तपासायची.

आता खरं म्हणजे अनंतरावांना वाकायची मनाई होती. कंबरेचा मणका सरकलेला, पट्टा कायम बांधलेला. त्या मणक्याच्या जोरावर घरात एकोणीस वर्षं त्यांनी केरसुणीला हात लावला नव्हता.

"मुलांपुढे तीस-तीस वेळा वाकता," क्षमाताई म्हणाल्या, "तेव्हा नाही वाटतं मणका दुखत?"

"ते वाकणं वेगळं, अगं."

कसं वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही. क्षमाताईंनीही पुढे विचारलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली की माणूस प्रश्न जपून वापरतो.

तर, पाचव्या धड्याला गाडी अडली. पाचवा धडा स्वच्छतेचा. जपानमध्ये शाळेतली मुलं आपला वर्ग आपण झाडतात, हे अनंतरावांनी नागोयात एका शाळेच्या खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं होतं. नुसतं वाचून हा धडा कसा होणार? मुलांनी झाडायला पाहिजे. मुख्याध्यापिका रेवतीबाई तावडे म्हणाल्या, "पालकांची लेखी संमती आणा, मग काय ते करा." बावीसच्या बावीस पालकांनी सह्या दिल्या. अनंतरावांनी बाजारातून सहा झाडू आणले, फडकी आणली, आणि मंगळवारी मुलांना दोन रांगांत उभं केलं.

"सर," सहावीतली दिशा झाडू हातात धरून म्हणाली, "काय झाडू?"

अनंतरावांनी खाली पाहिलं. खोलीत कणभर कचरा नव्हता. फरशी पुसून कोरडी केलेली, बाकांच्या खालीसुद्धा हात फिरलेला. कोपऱ्यात खडूची भुकटी असते तीही नव्हती.

याला कारण मालनबाई. मालन परब ठेकेदाराकडून शाळेत सफाईला होती, अकरा वर्षं तिसरा मजला तिच्याकडे. सासरे गिरणीत होते ते गेले, नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. घर तिच्या एकटीच्या पगारावर उभं. बाहेरचे सर शिकवायला येतात म्हटल्यावर चौदा नंबर ती दोनदा झाडत होती आणि वर पुसत होती. कुणी बोट दाखवायला नको.

अनंतराव जिन्यात तिला गाठून म्हणाले, "मालनबाई, मंगळवार-शुक्रवार चौदा नंबर झाडू नका."

"आणि सुपरवायझर आला तर? खोली सोडली तर माझ्या नावावर खाडा लागतो." तिने बादली उचलली. "काका, तुमचं जपान तुम्ही बघा, माझा मजला मी बघते."

इथे अनंतरावांनी थांबायला पाहिजे होतं. शहाणा माणूस थांबला असता. पण संध्याकाळी बागेत भाऊ कर्णिक भेटले, आणि भाऊंकडे सल्ला नाही असं आजवर कधी झालेलं नाही.

"कचरा नाही ना? मग कचरा ने रे! त्यात काय एवढं?"

"घरून?"

"मग काय विकत आणणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षमाताई हॉल झाडत असताना अनंतराव सुपलीजवळ येऊन उभे राहिले. "तो टाकू नकोस," ते म्हणाले. "मला पाहिजे."

क्षमाताई कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "कचरा?"

"निवडक. केस नकोत, ओलं नको, कांद्याची सालं तर मुळीच नकोत. सुका, हलका, मुलांना सोसेल असा."

क्षमाताईंनी केरसुणी भिंतीला टेकवली. "चाळीस वर्षं मी या घरात झाडतेय," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा तुमचं तिकडे लक्ष गेलं." पण कचरा त्यांनी निवडून दिला. त्यांना कुठलंच काम अर्धवट करता येत नाही.

आणि धडा झाला! अनंतराव मुलं यायच्या आधी पिशवी उघडून शेतकऱ्याने बी पेरावं तसा कचरा पेरत, मुलं तो झाडून गोळा करत, आणि अनंतराव तो परत पिशवीत भरून घरी आणत. एक तर जपानमध्ये आपला कचरा आपण घरी नेतात. दुसरं म्हणजे शुक्रवारी पुन्हा लागणारच होता. तोच कचरा पाच वेळा गेला आणि आला. पाचव्या खेपेला तो बराच आटला होता, कारण मुलं खरोखरच मन लावून झाडायला लागली होती.

सहाव्या खेपेला भाऊ व्हिडिओ काढायला आले. पिशवीत डोकावून म्हणाले, "अरे, हा कॅमेऱ्यात दिसणार तरी आहे का? 'आधी' आणि 'नंतर' दाखवावं लागतं, अनंता. 'आधी'मध्ये दम पाहिजे." त्यांनी स्वतःची पिशवी आणली होती. तिच्यात त्यांच्या घरची शेंगदाण्याची टरफलं होती, भरपूर. भाऊंनी ती मुठीमुठीने फरशीवर भिरकावली आणि मोबाइल जमिनीलगत धरून सगळ्या खोलीवरून फिरवला. मग मुलांनी झाडलं, पुसलं, रांगेत उभं राहून तीस अंश वाकून नमस्कार केला. फार सुंदर दृश्य होतं. भाऊंनी 'आधी'वर लिहिलं, 'शाळेतील वर्गाची अवस्था', आणि 'नंतर'वर लिहिलं, 'दहिसरमध्ये अवतरले जपान'.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ बोरिवलीत पोचला. रात्री पार्ल्याच्या मेव्हण्याचा फोन आला, जो अनंतरावांना एरवी दिवाळीलाही फोन करत नाही. दोन दिवस अनंतरावांचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते शाळेचा जिना चढले तर मालनबाई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसली होती. झाडू बाजूला पडलेला, हातात कागद.

व्हिडिओ ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे गेला होता. त्याने 'नंतर' पाहिलंच नव्हतं. त्याला 'आधी'च पुरेसं होतं. तिसऱ्या मजल्यावर एवढी घाण असताना संबंधित कामगार काय करत होती, सोमवारी विभाग निरीक्षकांसमोर खुलासा द्यावा, अन्यथा एक तारखेला कंत्राटाचं नूतनीकरण होणार नाही. एक तारीख बुधवारी होती. तिच्या जागी घ्यायची बाईसुद्धा सुपरवायझरने बघून ठेवली होती, असं रखवालदार सांगत होता.

"अकरा वर्षांत माझा मजला घाण म्हणून कुणी बोललं नव्हतं," मालनबाई म्हणाली. ती रडत नव्हती. अनंतरावांना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. "मी चौदा नंबर पुसून खाली गेले, आणि व्हिडिओत बघते तर माझ्या फरशीवर शेंगा! मला वाटलं, मुलांनी खाल्ल्या, तर रखवालदार म्हणतो, तुम्ही पिशव्या घेऊन वर गेलात. काका, तुम्ही आणलात? कशाक आणलात? माझ्या पोटार पाय देऊक?" राग आला की तिची बोली थेट मालवणला जायची.

अनंतरावांना काहीतरी बोलायचं होतं. मोठी चूक झाल्यावर बोलायचे जपानी शब्द त्यांना पाठ होते, मुलांकडून त्यांनीच ते घोटून घेतले होते. पण त्या पायरीवर ते एकही उच्चारू शकले नाहीत. त्यांना फार लाज वाटली आणि ते वर्ग न घेताच घरी आले.

शनिवार-रविवार बसून त्यांनी चार पानी खुलासा लिहिला. त्यात जपानी शिक्षणपद्धतीचा इतिहास होता, श्रमाचं महत्त्व होतं, नागोयाच्या त्या शाळेची खिडकी होती. कचरा कुठून आला, एवढं मात्र त्यात नव्हतं.

"ते लिहूच नकोस," भाऊ म्हणाले. "वाऱ्याने आला म्हणायचं."

"टरफलं वाऱ्याने?"

"तिसरा मजला आहे रे. नदीकडून वारा जोरात असतो."

भाऊ गेल्यावर क्षमाताईंनी चारही पानं वाचली आणि टेबलावर ठेवली. "यात त्या मालनचं नाव कुठाय?"

अनंतरावांनी पानं उचलून पुन्हा टाचणीने जुळवली.

"खरं लिहिलंत तर काय होईल?"

"वर्ग बंद होईल. आणि सबनीसांच्या घरचा कचरा म्हणून सरकारी कागदावर नोंद होईल. दहिसरभर हसतील."

क्षमाताई यावर खरोखरच घुटमळल्या. त्यांच्या घरात कोपरान् कोपरा लख्ख असतो. सोसायटीत उदाहरण म्हणून त्यांचं स्वयंपाकघर दाखवतात. कपाटाच्या फळीवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं, ते पाहिलं, आणि म्हणाल्या, "होऊ दे नोंद. तिची नोकरी जाण्यापेक्षा बरं. पण टरफलं आपली नव्हेत, तेवढं लिहा."

सोमवारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत सगळे जमले. विभाग निरीक्षक शर्मिष्ठा मॅडम मधोमध, बाजूला रेवतीबाई, भिंतीला टेकून सुपरवायझर, दाराशी पदर आवळून धरलेली मालनबाई. क्षमाताई नवऱ्याबरोबर आल्या होत्या. भाऊ 'सहज' आले होते आणि बाहेर व्हरांड्यात उभे होते.

मॅडमनी अनंतरावांच्या त्याच चार पानांपैकी अर्धं पान वाचलं. "सबनीस, हा कचरा वर्गात आला कुठून?"

अनंतराव उभे राहिले. सवयीने तोंडातून निघालं, "जपानमध्ये शाळेतली मुलं..."

"जपानचं विचारलं नाही मी. चौदा नंबरचं विचारलं."

अनंतरावांनी मालनबाईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, जमिनीकडे बघत होती, आणि त्यांना एकदम कळलं की ही बाई आपल्याकडून काही अपेक्षाच करत नाहीये. ते त्यांना फार लागलं.

"माझ्या घरून," ते म्हणाले. "खोली स्वच्छ होती. या बाईंनी ती रोजच्यासारखी झाडली होती. मुलांना झाडायला काही उरतच नव्हतं, म्हणून मी घरून कचरा आणून टाकायचो. सहा वेळा आणला आणि सहा वेळा परत नेला."

सुपरवायझर फिस्सकन हसला. "मॅडम, बाईला वाचवायला सांगतायत. कोण आणेल असा कचरा?"

"पुरावा आहे काही?" मॅडमनी विचारलं.

अनंतरावांनी झोळीतून पिशवी काढली आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रावर रिकामी केली. धूळ, दोऱ्याचे तुकडे, कॅलेंडरचं फाटकं पान, वरून टरफलं. रेवतीबाईंनी हजेरीचं पुस्तक घाईघाईने उचलून घेतलं. क्षमाताई पुढे झाल्या, चष्मा लावला आणि बोटाने धूळ बाजूला सारली.

"ही माझ्या निळ्या ब्लाउजची टिकली," त्या म्हणाल्या. "हे कॅलेंडर आमच्या किराणावाल्याचं, मागे दुधाचा हिशेब माझ्या अक्षरात आहे. कचरा आमचाच. टरफलं आमची नव्हेत. आमच्याकडे शेंगा सोललेल्याच येतात."

"मग टरफलं कुणाची?"

अनंतरावांनी दाराकडे पाहिलं, त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी पाहिलं, आणि व्हरांड्यातून भाऊंचा अगदी बारीक आवाज आला, "माझी."

मॅडमनी पेन उघडलं, मग पुन्हा मिटलं. "सबनीस, एक विचारते. घरी तुम्ही झाडता?"

"माझी कंबर जरा..." अनंतरावांनी सुरुवात केली, आणि क्षमाताईंच्या बोटाला लागलेली धूळ त्यांना दिसली. "नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

निकाल तिथेच झाला. मालन परब यांच्या कामात कसूर नाही, खोली स्वच्छ होती, असं मॅडमनी स्वतः लिहिलं आणि सुपरवायझरची त्याखाली सही घेतली. झाडू-उपक्रम बंद. वर्ग चालू राहील, हस्तकला म्हणून. चार पानं परत देऊन त्यांनी अनंतरावांकडून एकच ओळ लिहून घेतली: 'सदर कचरा माझ्या राहत्या घरातील असून तो मीच आणला होता.' ती ओळ शाळेच्या फायलीत आहे. कुणाला बघायची असेल तर अर्ज करावा लागतो.

मंगळवारी अनंतराव तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा मालनबाई चौदा नंबरच्या दारात झाडू घेऊन उभी होती. मुलं आत बसली होती.

"पिशवी," ती म्हणाली.

अनंतरावांनी झोळी पुढे केली. तिने उघडून पाहिली. पुस्तक, खडू, चिवड्याचा डबा. डब्याचं झाकणसुद्धा काढून पाहिलं. "जावा आत."

पण अनंतराव आत गेले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, ओळीत ठेवल्या, तिच्यासमोर पाय जुळवून उभे राहिले आणि वाकले. पंधरा अंश झाले, तीस झाले, तरी ते थांबेनात. आत मुलं बाकांवर उभी राहिली.

"गे बाय माझे! ह्यां काय?" मालनबाई मागे सरकली.

"मावशी, सर माफी मागतायत," दिशा आतून म्हणाली. "एवढं वाकले म्हणजे सगळ्यात मोठी माफी. मनात तीन मोजायचे असतात."

तीन झाले. दहा झाले.

"बरं बरं, कळलं," मालनबाई कावरीबावरी होऊन म्हणाली. "उठा आता काका. झालं."

"उठता येत नाहीये," अनंतराव जमिनीकडे बघत म्हणाले.

मणका अडकला होता. मालनबाईने झाडू टाकला, एका हाताने त्यांचा दंड धरला, दुसरा कंबरेच्या पट्ट्यावर ठेवला आणि मुलांना खुर्ची आणायला पिटाळलं. खुर्ची येईपर्यंत अनंतराव तसेच वाकलेले राहिले. एकतीस वर्षांत कुठलीही फरशी त्यांनी इतक्या जवळून पाहिली नव्हती. त्यांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नीट बघून घेतलं.

"मालनबाई," ते तसेच खालून म्हणाले, "फरशी फार स्वच्छ आहे हो."

"रोजच असते," मालनबाई म्हणाली.